दाखवायचे दात

लाँगटन, नोव्हेंबर. सकाळी दहालाही इथे दिवा लागतो.
बाटल्यांसारख्या पोटफुग्या भट्ट्या
घरांच्या मधोमध उभ्या, आणि वरचं आभाळ
पुसायचं राहून गेलेल्या तव्यासारखं.

फाटकावरच्या पोऱ्यानं मला पाहिलं
आणि शीळ घातली. साधीच, दोन सुरांची.
मॅनेजर बॅग्नल जिना हळू चढतो,
गुडघ्याचं दुखणं तपशिलात सांगत.
शिळेपासून झिलईच्या खोलीपर्यंत चार मिनिटं.
चार मिनिटांत कारखाना बराच सुधारतो.

साबण होता. वरची अक्षरंही झिजली नव्हती.
खिळ्यांवर नऊ टॉवेल,
दुकानातल्या घड्या मोडल्याशिवाय टांगलेले.
बादलीमागे घाईनं सरकवलेली
अर्धी खाल्लेली भाकर, तिच्यावर पांढरी बोटं उमटलेली.
मी वहीत लिहिलं: टॉवेल, नऊ.
कायदा टॉवेल मोजायला सांगतो,
ओले आहेत का ते विचारत नाही.

हे झाले दाखवायचे दात.
मला खायचे पाहायचे होते.

शिसं हिरडीवर रेघ ओढतं,
निळी, टोक केलेल्या पेन्सिलीची,
दातांच्या मुळाशी, जसं कुणी हिशेबाखाली
बेरीज करायला ओढावी.
नंतर मनगटं गळतात ओल्या हातमोज्यांसारखी.
नंतर पाळणे रिकामे राहतात.
हे सगळं अहवालात असतं, तक्त्यात, उजव्या बाजूला.

"तोंड उघडा," मी म्हटलं.
केझाया टेलराइट, वय एकतीस, बारा वर्षं झिलईत,
कोपरापर्यंत दुधात बुडवल्यासारखे हात.
म्हणाली, "तुमचे दाखवा आधी, बाई."

बॅग्नल खाकरला.
मी हॅट काढून टेबलावर ठेवली, दिव्याखाली गेले
आणि आ केला.
सगळ्या जमल्या. आठ बायका, एक पोरगी.
"सोन्याचा आहे गं एक, मागं!"
"आणि हा किडलाय. आमच्यात असला तर दोऱ्यानं ओढतात."
खूप हसल्या. मीही हसले, तोंड उघडंच ठेवून,
त्यामुळे लाळ गळली, आणि त्या आणखी हसल्या.

मग केझायानं तोंड उघडलं.
हिरड्या काळ्या. राखेनं घासलेल्या,
ताज्या, रक्त येईस्तोवर.
रेघेवर रेघ पुसून टाकलेली.
खालच्या दोन दातांमध्ये मात्र
राख पोचली नव्हती.

"नाताळ होऊ द्या," ती इतकी हळू म्हणाली
की बॅग्नलला वाटलं ती प्रार्थना करते आहे.
मी म्हटलं, रजेत भत्ता मिळेल, तसा नियम आहे.
"किती?"
मी आकडा सांगितला.
"दात कोरून पोट भरत नाही, बाई."

मी नाव डॉक्टरकडे पाठवलं.
नियमच तसा आहे, आणि नियम चांगला आहे,
अजूनही माझं तेच मत आहे.
शनिवारी तिला कामावरून उठवलं.
बॅग्नलनं पत्र लिहून माझ्या दक्षतेचे आभार मानले.

जानेवारी. फेंटनला, दुसऱ्या मालकाकडे.
इथे शीळ नाही, कुत्रा आहे.
साबण बराच झिजलेला; बरं वाटलं.
टबाशी एक बाई पाठमोरी,
बशी बुडवायची, निथळायची, फळीवर ठेवायची,
दर तिसऱ्या बशीला डाव्या हातानं
उजवं मनगट उचलून धरायची.

हजेरीत नाव होतं जेमायमा शॉ. वय सव्वीस.
वळली तेव्हा तिनं मला ओळखलं.
मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. खालचे दोन दात,
मधली फट. इतक्या जवळून पाहिलेलं तोंड
माणूस विसरत नाही.

"नाव?" मी विचारलं.
"जेमायमा शॉ."
दिवा फरफरला. फळीवर बशी ठेवल्याचा आवाज.
मी लिहून घेतलं.

या खेपेला तिनं माझे दात मागितले नाहीत.
मीही तोंड मिटूनच उभी होते.